एका सहीखाली राबलेले हात

कलेचा इतिहास लिहिताना आपण सहसा सहीपासून सुरुवात करतो. चित्राच्या कोपऱ्यात ज्याची सही, तो त्या चित्राचा कर्ता, असे गृहीत धरतो. परंतु ज्या कलेत एका हालचालीसाठी शेकडो चित्रे लागतात आणि त्या चित्रांसाठी शेकडो हात राबतात, तेथे सही कुणाची असावी? हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही. तो मालकीचा, मजुरीचा आणि माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न बनतो.

विसाव्या शतकात जगभर पोचलेली एक सही आहे: वॉल्ट डिस्ने. लहान मुलांच्या पुस्तकांवर, चित्रपटांच्या आरंभी, खेळण्यांवर ती वळणदार सही दिसते. गंमत अशी की ही सहीदेखील अनेकदा स्टुडिओतले दुसरेच चित्रकार करीत. मालकाच्या नावाने सही करणे हेही तेथे नोकरीचेच एक काम होते. या एका वस्तुस्थितीत या कलाव्यवसायाचा सारा इतिहास साठवलेला आहे, असे म्हणता येईल.

डिस्ने हा कर्तृत्वहीन माणूस होता, असे येथे सुचवायचे नाही. कथा फुलवणे, माणसे निवडणे, काम पुनःपुन्हा करून घेणे यांत त्याचे सामर्थ्य निःसंशय मोठे होते. आक्षेप आहे तो एका माणसाच्या कर्तृत्वात इतर सर्वांचे कर्तृत्व विरघळवून टाकणाऱ्या व्यवस्थेला. ही व्यवस्था कशी उभी राहिली, तिच्याविरुद्ध कोण उठले आणि त्यांचे पुढे काय झाले, हे पाहणे चित्रकारांइतकेच कार्यकर्त्यांनाही उपयोगाचे आहे.

१

‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स’ हा चित्रपट २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिस येथे प्रथम दाखवला गेला. तो सुमारे ८३ मिनिटांचा आहे. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. म्हणजे या एका चित्रपटाच्या सुमारे १ लाख २० हजार चौकटी होतात. प्रत्येक चौकटीमागे पार्श्वभूमीचे चित्र आणि तिच्यावर एक किंवा अनेक पारदर्शक सेल, अशी रचना असे. हे सारे हाताने होत होते.

या कामाची उतरंड स्पष्ट होती. मुख्य अ‍ॅनिमेटर हालचालीतील महत्त्वाची चित्रे काढी. त्याचा सहायक ती साफ करी. दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रे भरणारे ‘इनबिटवीनर’ त्याच्याखाली असत. मग ही चित्रे शाई-रंग विभागात जात. तेथे कागदावरची प्रत्येक रेषा सेलवर शाईने गिरवली जाई आणि सेलच्या मागच्या बाजूने रंग भरला जाई. कामाची विभागणी ही मोठ्या निर्मितीत अटळच असते. परंतु येथे कामाबरोबर माणसेही विभागली गेली. कोणी ‘निर्मिती’ करायची आणि कोणी ‘गिरवायचे’, हे माणूस दारातून आत येतानाच ठरत असे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिव्यवस्थेची चिकित्सा करताना दाखवून दिले होते की ती नुसती श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक अशा पायऱ्यांनी रचलेली. अमेरिकेतील स्टुडिओत जातिव्यवस्था नव्हती, हे उघड आहे. कारखान्यातील उतरंड आणि जन्माने लादलेली उतरंड यांची सरमिसळ करणे चूक ठरेल. पण बुद्धीचे श्रम वरचे आणि हाताचे श्रम खालचे, वरच्याला नाव आणि खालच्याला फक्त मजुरी, हा न्याय ज्याने एकदा ओळखला त्याला तो दुसऱ्या देशातही ओळखू येतो.

२

या उतरंडीत स्त्रियांची जागा कोठे होती? शाई-रंग विभागात. त्या विभागात बहुतांशी तरुण स्त्रियाच होत्या. १९३८ साली नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या एका तरुणीला स्टुडिओकडून आलेले उत्तर आज प्रसिद्ध आहे. पडद्यासाठीचे निर्मितीचे काम स्त्रिया करीत नाहीत, ते सर्वस्वी तरुण पुरुष करतात, स्त्रियांना फक्त सेलवर शाईने रेषा गिरवण्याचे व रंग भरण्याचे काम मिळू शकते, अशा अर्थाचे ते उत्तर होते. अर्जदाराची चित्रे पाहून नव्हे, तर तिचे स्त्री असणे पाहून हा निर्णय झालेला होता.

आता या ‘गिरवण्या’ची योग्यता काय होती ते पाहा. पेन्सिलची रेषा पुसता येते. सेलवरची शाईची रेषा तशी सहज दुरुस्त होत नाही. रेषा केसाइतकी जाड-बारीक झाली तरी पडद्यावर ती थरथरताना दिसते. म्हणून श्वास धरून, हातमोजे घालून, एकाच वजनाची रेषा दिवसभर ओढत राहावे लागे. राजकन्येच्या गालांवरची लालीदेखील सेलवर हातानेच चढवली गेली होती. हे काम यांत्रिक होते असे म्हणणाऱ्याने ते एक दिवस करून पाहावे!

या कामाला आठवड्याला वीस डॉलरच्या आसपास, अनेकींना त्याहूनही कमी, मजुरी मिळे. त्याच स्टुडिओतील वरच्या श्रेणीच्या अ‍ॅनिमेटरांचे वेतन आठवड्याला दोनशे-तीनशे डॉलरपर्यंत जाई. ‘स्नो व्हाइट’च्या श्रेयनामावलीत साठांहून अधिक नावे आहेत. शाई-रंग विभागाची प्रमुख हेझेल सेवेल हिचे नाव तीत कलादिग्दर्शकांमध्ये सापडते. पण ज्यांच्या हातून चित्रपटाची प्रत्येक रेषा गेली, त्या विभागातील कामकरी स्त्रिया त्या यादीत नाहीत. १९३९ साली चित्रपट अकादमीने या चित्रपटासाठी वॉल्ट डिस्नेला खास सन्मान दिला: एक मोठी बाहुली आणि सात बुटक्यांच्या सात लहान बाहुल्या. आठही बाहुल्या एकाच माणसाच्या हाती गेल्या.

पुढे १९६१च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स’पासून पेन्सिलचे चित्र सेलवर थेट उमटवणारे झेरॉक्सचे तंत्र आले आणि हाताने शाई गिरवणाऱ्यांची गरज संपत गेली. ज्यांचे नाव कधी लागलेच नव्हते त्यांचे काम गेल्याची बातमी तरी कोण छापणार?

३

असंतोषाचे कारण एकच नव्हते. ‘स्नो व्हाइट’ने प्रचंड पैसा मिळवला. रात्रंदिवस राबलेल्या अनेकांची अशी समजूत होती की या नफ्यातला वाटा आपल्यालाही मिळेल. त्या नफ्यातून बरबँक येथे नवा प्रशस्त स्टुडिओ उभा राहिला. पण अपेक्षा बव्हंशी कोरडीच राहिली. १९४०चे ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटेशिया’ युरोपातील युद्धामुळे तोट्यात गेले आणि कामावरून कमी करण्याची भाषा सुरू झाली. कोणाला किती वेतन, बढती कशी, बोनस कोणत्या नियमाने, याला निश्चित धोरण नव्हते. मालकाची मर्जी हेच धोरण. छोट्या कार्टूनपटांवर तर डिस्नेखेरीज दुसरे नावच नसे.

अशा वेळी पुढे आला आर्ट बॅबिट. तो तळाचा कामगार नव्हता, हे मुद्दाम लक्षात घेतले पाहिजे. ‘स्नो व्हाइट’मधली दुष्ट राणी त्याच्या हातून पडद्यावर चालली, गूफी या पात्राला स्वभाव देणाराही तोच. त्याला भरपूर वेतन होते, मोठे घर होते. आपल्या सहायकाला आठवड्याला अडीच डॉलर वाढवून द्यावेत अशी मागणी आपण केली आणि ती नाकारली गेली, ही हकीकत तो पुढे सांगत असे. प्रथम तो मालकधार्जिण्या अंतर्गत संघटनेचा अध्यक्ष होता. तेथे काही साधत नाही हे पटल्यावर तो ‘स्क्रीन कार्टूनिस्ट्स गिल्ड’ या स्वतंत्र संघटनेत गेला. मे १९४१च्या अखेरीस त्याला इतर काही सभासदांबरोबर कामावरून काढण्यात आले आणि संप सुरू झाला.

या संपाचे चित्र विलक्षण होते. संपकरीच चित्रकार असल्यामुळे त्यांचे फलक म्हणजे चालते-बोलते चित्रप्रदर्शन होते. आम्ही माणसे की उंदीर, असा प्रश्न मिकी माउसच्या मालकाला फलकांवरून विचारला गेला. मायकेलअँजेलो आणि रेम्ब्रां हेही आपापल्या कारागीर-संघांचे सभासद होते, याची आठवण दुसऱ्या फलकाने दिली. दुसऱ्या स्टुडिओतील चित्रकार लाकडी गिलोटीन घेऊन पाठिंब्याला आले. मागण्या होत्या त्या संघटनेच्या मान्यतेच्या, वेतनश्रेणीच्या, कामावरून काढलेल्यांना परत घेण्याच्या आणि पडद्यावरील श्रेयाच्या. भाकरी आणि नाव या दोन मागण्या एकाच फलकाखाली आल्या, हे या लढ्याचे वैशिष्ट्य. पोटाचा प्रश्न आधी आणि सन्मानाचा नंतर, असे सांगणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. ज्याचे नाव मोजले जात नाही त्याचे वेतनही मोजून दिले जात नाही.

डिस्नेने या साऱ्यामागे कम्युनिस्टांचा हात आहे असे वृत्तपत्रात जाहिरात देऊन सांगितले. कामगारांचे दुःख खरे नसते, ते बाहेरच्या चिथावणीने निर्माण झालेले असते, ही मालकवर्गाची समजूत सर्व देशांत सारखीच. अखेर सरकारी मध्यस्थी झाली. ऑगस्टमध्ये डिस्ने सरकारच्या वतीने दक्षिण अमेरिकेच्या सदिच्छा दौऱ्यावर गेला आणि तो दूर असताना तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली, वेतन सुधारले. छोट्या कार्टूनपटांवर चित्रकारांची नावे दिसू लागायला मात्र आणखी काही वर्षे जावी लागली. बॅबिटला श्रमसंबंध मंडळाच्या निर्णयामुळे परत घ्यावे लागले. पण मालकाचे मन कोणताही निर्णय बदलू शकला नाही आणि तो पुढे स्टुडिओ सोडून गेला.

४

संपाच्याच वर्षी ‘डम्बो’ प्रदर्शित झाला. त्यात एक प्रसंग आहे. वादळी रात्री सर्कशीचा तंबू उभारला जात आहे. तो उभारणारे मजूर काळे आहेत आणि त्यांना चेहरेच नाहीत. नाक, डोळे, ओठ काही नाही. नुसती राबणारी शरीरे. त्यांच्या तोंडी घातलेल्या गाण्यात ते आपल्या निरक्षरतेचा आणि उधळेपणाचा जणू अभिमान मिरवतात. याच चित्रपटातील कावळ्यांच्या म्होरक्याला स्टुडिओच्या कागदपत्रांत ‘जिम क्रो’ हे नाव होते. अमेरिकेतील वर्णभेदी कायद्यांना ज्या नावाने ओळखत तेच हे नाव. त्याला आवाज दिला होता गोऱ्या नटाने.

येथे एक गुंतागुंतीचा प्रश्न उपस्थित होतो. ज्यांना स्वतःला नाव नव्हते अशा चित्रकारांच्या हातूनच हे बिनचेहऱ्याचे मजूर रेखाटले गेले. म्हणजे अनामिकतेचा दाह सोसणारा माणूस आपल्याहून खालच्याचा चेहरा पुसायला नकार देतोच असे नाही. पायरी-पायरीच्या व्यवस्थेचे बळ नेमके यातच असते. म्हणून श्रेयाचा लढा हा केवळ आपल्या श्रेयाचा लढा राहिला तर तो अपुरा राहतो.

५

या दृष्टीने टायरस वाँगची कहाणी फार बोलकी आहे. १९१० साली चीनच्या दक्षिण भागात जन्मलेला हा मुलगा १९२० साली बापाबरोबर अमेरिकेला आला. तेव्हा १८८२चा चिनी-बंदी कायदा लागू होता. म्हणून तो कागदोपत्री दुसऱ्याच नावाने आला. एंजल बेटावरील स्थानबद्धता छावणीत उलटतपासणी देऊन तो आत शिरला. ज्या माणसाला देशात येण्यासाठीच आपले नाव टाकावे लागले, त्याला नावाचे मोल आपण काय समजावणार? बाप गरीब होता. शाई परवडत नसे म्हणून तो मुलाकडून वर्तमानपत्राच्या कागदावर पाण्याने अक्षरे गिरवून घेई.

ओटिस कलाशाळेत शिकलेला वाँग १९३८ साली डिस्नेकडे इनबिटवीनर म्हणून लागला. वांशिक हेटाळणीही त्याच्या वाट्याला आली. त्या वेळी ‘बॅम्बी’ची तयारी चालली होती आणि जंगलाची चित्रे अडली होती. पानन्‌पान रेखाटलेल्या गर्द रानात हरणे हरवून जात होती. वाँगने आपल्या मनाने काही चित्रे काढून दाखवली. त्यांत सुंग काळातील चिनी निसर्गचित्रांची रीत होती: धुके, पुसट झाडे, मोकळी सोडलेली जागा, आणि मधोमध एक इवलेसे हरीण. साऱ्या चित्रपटाने हीच दृष्टी उचलली. ‘बॅम्बी’चे रान आज कोणालाही आठवते ते वाँगच्या डोळ्यांनी पाहिलेले रान आहे.

१९४१च्या संपात वाँग सामील नव्हता. तरीही संपानंतरच्या कपातीत त्याची नोकरी गेली. १९४२ साली ‘बॅम्बी’ पडद्यावर आला तेव्हा त्याचे नाव पार्श्वभूमी रंगवणाऱ्यांच्या यादीत, अनेकांपैकी एक म्हणून होते. पुढची सुमारे पंचवीस वर्षे त्याने वॉर्नर ब्रदर्समध्ये चित्रपटांची पूर्वचित्रे काढली, भेटकार्डे रंगवली. चिनी-बंदी कायदा १९४३ साली गेला. वाँगला नागरिकत्व मिळाले १९४६ साली. डिस्ने कंपनीने त्याला आपल्या मानकऱ्यांत घेतले ते २००१ साली, म्हणजे त्याच्या नव्वदीनंतर. २०१६ साली १०६व्या वर्षी तो वारला. त्याला एवढे आयुष्य लाभले नसते तर हा सन्मान कोणी स्वीकारला असता?

६

छापील चित्रांच्या क्षेत्रात हीच गोष्ट कार्ल बार्क्सची. डिस्नेचा स्टुडिओ १९४२ साली सोडल्यावर त्याने डोनाल्ड डकच्या चित्रकथा लिहिल्या आणि काढल्या. १९४७ साली त्याने अंकल स्क्रूज हे पात्र निर्माण केले. जवळजवळ पंचवीस वर्षे लक्षावधी मुलांनी त्या कथा वाचल्या. प्रत्येक अंकावर नाव होते वॉल्ट डिस्नेचे. बार्क्सला पानाप्रमाणे मजुरी मिळे. पुनर्मुद्रणावर हक्क नव्हता.

तरीही वाचकांनी त्याला शोधले. नाव माहीत नसताना ते त्याला ‘चांगला चित्रकार’ म्हणून रेषेवरून ओळखत. १९६०च्या सुमारास काहींनी चिकाटीने पत्रव्यवहार करून त्याचा पत्ता काढला, तेव्हा बार्क्स साठीच्या उंबरठ्यावर होता. मालकाने दडवलेले नाव वाचकांच्या डोळसपणाने उघडे केले, असे हे उदाहरण. आणि एक उपरोधही ध्यानात घ्यावा. चिलीमध्ये १९७१ साली एरिएल डॉर्फमन आणि आर्मां मातेलार यांनी डोनाल्ड डकच्या कथांमधील साम्राज्यवादी विचारसरणीची कठोर चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला. १९७३च्या लष्करी उठावानंतर तो जाळला गेला. ती चिकित्सा मोलाची आहे. पण तिचाही रोख ‘डिस्ने’ या एकाच नावावर होता. एकाच सहीची सवय तिच्या विरोधकांनाही लागते ती अशी.

७

संपानंतर बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी पुढे ‘युपीए’ हा स्टुडिओ उभा केला. त्यांनी मोटार कामगारांच्या संघटनेसाठी ‘ब्रदरहुड ऑफ मॅन’ हा छोटा कार्टूनपट काढला. रूथ बेनेडिक्ट आणि जीन वेल्टफिश या मानववंशशास्त्रज्ञांच्या पुस्तिकेवर तो आधारलेला होता. कातडीचा रंग वेगळा असला तरी माणसांच्या रक्तात, बुद्धीत वंशाने भेद पडत नाही, हे तो कामगारांना सोप्या चित्रांतून सांगतो. ज्या वर्षांत बिनचेहऱ्याचे काळे मजूर पडद्यावर होते, त्याच दशकात संपातून आलेल्या चित्रकारांनी हा चित्रपट करावा, ही घटना दुर्लक्षिण्यासारखी नाही. लढ्याने माणूस बदलतो तो असा.

याची किंमतही चुकवावी लागली. २४ ऑक्टोबर १९४७ रोजी डिस्नेने अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे साक्ष दिली आणि संपाचा पुढारी हर्बर्ट सॉरेल व युपीएचा एक संस्थापक डेव्हिड हिल्बरमन यांची नावे घेतली. श्रेयनामावलीत नावे द्यायला काचकूच करणाऱ्या मालकाला काळ्या यादीसाठी मात्र नावे बरोबर आठवली! पुढे जॉन हबली या गुणी दिग्दर्शकालाही याच वातावरणात युपीए सोडावी लागली.

८

या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवण्यासाठी डिस्ने स्टुडिओतील क्लेअर वीक्स हा अ‍ॅनिमेटर अमेरिकन तांत्रिक साहाय्याखाली आला. त्याचा जन्म भारतातच, मिशनरी कुटुंबात झालेला. त्याच्या हाताखाली तयार झालेला ‘द बनियन डिअर’ (१९५७) हा जातककथेवरील चित्रपट. राम मोहन याच विभागात घडले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१४ साली, वयाच्या ऐंशीनंतर. १९७४चा ‘एक अनेक और एकता’ दूरदर्शनवर पाहून आपल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. त्यातील गाणे कोणालाही म्हणायला सांगा, ते येईल. विजया मुळे यांचे नाव काहींना ठाऊक असेल. ती चित्रे हलवणाऱ्या भीमसेन यांचे नाव किती शिक्षक वर्गात सांगतात?

हा प्रश्न आपल्या नियतकालिकांनाही लागू आहे. चळवळीची पोस्टरे कोणी काढली, विशेषांकांची मुखपृष्ठे कोणी रंगवली, जयंतीच्या भिंती कोणी रंगवल्या, याची नोंद आपण किती ठेवली? लिहिणाऱ्याचे नाव ठळक अक्षरात आणि रेखाटणाऱ्याचे आतल्या पानावर बारीक, किंवा नाहीच, ही रीत आपणही प्रस्थापितांकडून उचलली आहे.

श्रेयाचा प्रश्न हा अहंकाराचा प्रश्न नाही. नाव नोंदले की हक्क मागता येतो, मजुरीचा हिशेब मागता येतो, चुकीच्या चित्राचा जाबही विचारता येतो. अलीकडच्या काळात संशोधकांनी डिस्नेच्या शाई-रंग विभागातील स्त्रियांची नावे एकेक करून उजेडात आणली आहेत. २०१७ साली मिंडी जॉन्सन यांचा मोठा ग्रंथ त्याच विषयावर प्रसिद्ध झाला. पण तोवर त्यांतील बहुतेकजणी हयात नव्हत्या. इतिहासकाराने ऐंशी वर्षांनी करायचे काम संपादकाने, शिक्षकाने आणि कार्यकर्त्याने आजच, काम चालू असताना केले पाहिजे. चित्र छापताना खाली चित्रकाराचे नाव छापणे, एवढ्यापासून त्याची सुरुवात होऊ शकते.